बाकावरची काळी पट्टी

माझ्या एका विद्यार्थिनीने संशोधन परिषदेसाठी लिहिलेल्या गोषवाऱ्याचे पहिले वाक्य मराठीत आणले तर साधारण असे होईल: ‘प्रस्तुत संशोधनात शहरातील बसथांब्यांवरील उष्णतेचा सखोल अभ्यास करण्यात आला असून त्यातून महत्त्वाचे निष्कर्ष हाती आले आहेत.’ वाक्य व्याकरणाला धरून होते, पण कोण कुठे उभे राहिले, हातात काय होते आणि नेमके काय मोजले, यातले काहीच त्यातून कळत नव्हते. मी तिला म्हटले, ‘‘शेजारणीला सांगावं तसं मला सांग, तू काय केलंस?’’ तेव्हा तिने सांगितले की ज्या थांब्यावर ती रोज दुपारी बसची वाट पाहते, तिथल्या बाकावर ती आपल्या सहा वर्षांच्या मुलाला बसू देत नाही, ऑक्टोबर लागला तरी देत नाही. म्हणून तिने बंदुकीसारखा दिसणारा एक इन्फ्रारेड थर्मामीटर विकत घेतला आणि आपल्या बसमार्गावरच्या 12 थांब्यांची बाके सहा आठवडे मोजली. मी म्हटले, ‘‘हेच लिही.’’ ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, ‘‘असं लिहिलेलं चालतं?’’

दक्षिण कॅलिफोर्नियात, समुद्राच्या वाऱ्यापासून बऱ्याच आत, जिथे गोदामांच्या रांगांमागून गोदामांच्या रांगा लागतात, अशा भागातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. महाराष्ट्रातल्या वाचकाला कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय हे थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या कुठल्याच संस्थेशी त्याचे नेमके जुळत नाही. इथे प्रवेशपरीक्षा नाही, गुणांची यादी नाही. शिकू इच्छिणारा कोणीही प्रौढ माणूस नाव घालू शकतो. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर पडतात, म्हणजे नेहमीचा तीन युनिटांचा विषय 138 डॉलरमध्ये होतो. इथे पहिली दोन वर्षे पूर्ण करायची आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचे, याला सगळे ‘ट्रान्सफर’ म्हणतात, आणि हा शब्द आमच्या आवारात ज्या आशेने उच्चारला जातो ती आशा मी दुसऱ्या कुठल्या सरकारी शब्दाभोवती पाहिलेली नाही. कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजे आहेत. माझ्या वर्गात अठरा वर्षांची मुले असतात, तशीच सैन्यातून परतलेली माणसे, रुग्णालयात सफाई करणारे, ट्रक चालवणारे, आजी झालेल्या बायकाही असतात. ही विद्यार्थिनी 31 वर्षांची होती आणि एका किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावायचे काम करत होती.

अशा कॉलेजात संशोधनाला जागा नव्हती, आणि तशी ती नसावी हे एका अर्थी ठरवलेलेच होते. इलिनॉय राज्यात जोलिएट इथे 1901 साली देशातले पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजचे तेव्हाचे नाव) निघाले, कॅलिफोर्नियातले पहिले 1910 साली फ्रेझ्नोला. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांची गर्दी झाली, 1947 मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले, आणि 1960 मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा आपला प्रसिद्ध मास्टर प्लॅन केला. त्या आराखड्याने शाळा संपवणाऱ्यांपैकी वरच्या एक अष्टमांशासाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी आणि उरलेल्या सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेजे अशी वाटणी केली. संशोधन हे प्रामुख्याने पहिल्या गटाचे काम ठरले. ही वाटणी उदार होती, तिच्यामुळे लाखो लोकांना कॉलेजचे दार उघडले, हे मी कधीच नाकारणार नाही. पण तिच्यातून एक समजूतही हळूहळू मुरली: ज्ञान तिकडे तयार होते आणि इकडे ते वाटले जाते. आम्हा पूर्णवेळ शिक्षकांचा आठवड्याचा 15 तासांचा अध्यापनभार याच समजुतीवर उभा आहे. विद्यार्थ्याला एखादा प्रश्न धरून सहा आठवडे चालायला शिकवणे, हे त्या तासांत कुठेच मोजले जात नाही.

ही समजूत मोडायचे काम ज्या मोजक्या ठिकाणी चालते त्यात विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदा येतात. ऑनर्स ट्रान्सफर कौन्सिल ऑफ कॅलिफोर्निया या संघटनेची परिषद दरवर्षी वसंतात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या इर्व्हाइन इथल्या आवारात भरते. उत्तरेकडे बे ऑनर्स कन्सोर्टियमची परिषद कधी बर्कलीत, तर कधी स्टॅनफर्डमध्ये होते. वेगवेगळ्या कम्युनिटी कॉलेजांतले विद्यार्थी तिथे येऊन आपले काम मांडतात. पहिल्या वर्षी मी फक्त गोषवारे वाचून द्यायला होकार दिला होता, तोही एका सहकारिणीच्या आग्रहाखातर. एका शनिवारी चहाचा कप घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. स्थलांतरितांच्या मुलांनी आईवडिलांसाठी सरकारी कागद वाचून दाखवण्याविषयी, बंदरातल्या पाण्याविषयी, तुरुंगातून सुटलेल्यांच्या शिक्षणाविषयी, एका जुन्या कादंबरीतल्या स्वयंपाकघराविषयी लिहिले होते. विषय इतके जिवंत होते आणि त्यांवर चढवलेली भाषा इतकी जड होती की मला वारंवार वाटत राहिले, या मुलांना कोणीतरी सांगितले आहे की विद्वान दिसायचे असेल तर स्वतः दिसू नका.

ते कोणीतरी मला ओळखीचे होते. मी पुण्यात बी.एस्सी. करत असताना साध्या दोलकाचा प्रयोग असे. दोरीला गोळा बांधायचा, वीस आंदोलने मोजायची आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे. उत्तर 9.8 यायला हवे हे प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याआधीच सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे बहुतेक जण शेवटच्या ओळीपासून सुरुवात करून वर वर जात आणि मधली निरीक्षणे त्याला साजेशी भरून काढत. जर्नलवर सही मिळे, सबमिशन होई. एकदा माझे उत्तर 9.3 आले. मी ते खोडून 9.8 केले, आणि 9.3 का आले हा प्रश्न, जो त्या अख्ख्या वर्षातला एकमेव माझा स्वतःचा प्रश्न होता, तो खोडरबराबरोबर गेला. दोरीची लांबी मी गोळ्याच्या मध्यापर्यंत न धरता वरच्या टोकापर्यंतच धरली होती का, हे मला बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्यांना शिकवताना, सुचले.

माझ्या वडिलांची गोष्ट याच्याही आधीची. ते पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून रुजवलेला हा विचार, की गरिबाच्या मुलाने अंगमेहनतीवर शिकावे आणि त्यात त्याला कमीपणा वाटू नये, आमच्या घरात देवघरासारखा जपला गेला. वडील पहाटे शेतावर पाणी द्यायला जात आणि अकरा वाजता वनस्पतिशास्त्राच्या तासाला बसत. कोणत्या वाफ्यात पाणी साचते आणि कोणत्या बाजूची रोपे आधी पिवळी पडतात हे त्यांना पायाखालच्या मातीवरून कळे. मी एकदा विचारले होते, ‘‘बाबा, हे तुम्ही वर्गात कधी सांगितलंत का?’’ ते म्हणाले, ‘‘अगं, ते काम होतं. अभ्यास वेगळा.’’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण इथल्या वर्गात रात्रपाळी करून आलेला विद्यार्थी तोंडावर पाणी मारून पहिल्या बाकावर बसतो, तेव्हा मला ते वाक्य दर वेळी आठवते, आणि सकाळचे शेत आणि अकराचा तास यांच्यामध्ये एखादी पाऊलवाट असायला हवी होती असे वाटत राहते.

तर, बसथांब्यांच्या गोष्टीकडे वळू. गोषवारा स्वीकारला गेल्याचे कळले तेव्हा तिने मला फोन केला, आणि आनंदाच्या आधी भीती बोलली: तिथे इतर लोक असतील, ते प्रश्न विचारतील. आम्ही सरावाला लागलो. तिला सोयीची वेळ रात्री आठची होती, कारण दहा वाजता तिची पाळी सुरू होई आणि मुलाला तिची आई सांभाळत असे. रिकाम्या वर्गात पडद्यासमोर ती उभी राही, मी मागच्या रांगेत घड्याळ लावून बसे, आणि तिचा मुलगा कधी कधी सोबत येऊन फळ्यावर बस काढत बसे. पहिल्या सरावात तिने सगळा मजकूर कागदावरून वाचला. तिसऱ्या सरावात मी कागद काढून घेतला. पाचव्यात ती पडद्याकडे पाठ करून बोलू लागली, आणि मला प्रथमच जाणवले की तिचा आवाज मुळात खूप खणखणीत आहे.

तिची मांडणी अशी होती. काही बाके सिमेंटची, काही जाड प्लास्टिकचा थर दिलेल्या जाळीची, काही उघड्या अॅल्युमिनियमची. काहींवर छत, काहींवर नाही. अपेक्षेप्रमाणे सावलीतली बाके उन्हातल्यांपेक्षा खूप थंड होती. पण दुसरा निष्कर्ष अनपेक्षित होता: भर उन्हातली उघड्या धातूची बाके शेजारच्या सिमेंटच्या बाकांपेक्षाही थंड निघाली होती. मी तिचे आकडे तपासले. दिवसाच्या ठरावीक वेळी मोजले होते का, प्रत्येक बाकाची पुरेशी निरीक्षणे होती का, फरक योगायोगाचा असण्याची शक्यता किती, हे सगळे मी काटेकोरपणे पाहिले आणि फरक खरा आहे असे सांगून मोकळी झाले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उन्हात धातूच्या बाकावर हात ठेवून पाहावा, असे मला सुचले नाही. तिला ते सुचले होते. एका सरावाच्या शेवटी ती म्हणाली होती, ‘‘पण प्रोफेसर, हाताला ते जास्त भाजतं.’’ त्यावर मी, वीस वर्षे संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईने, तिला सांगितले की हाताचा अंदाज फसवा असतो, धातू उष्णता लवकर देतो म्हणून तसे वाटते, यंत्रावर विश्वास ठेव. माझे म्हणणे अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे सांगून मी तिचा सर्वात चांगला प्रश्न बंद केला. ही माझी चूक मी अजून विसरलेली नाही.

इर्व्हाइनचे आवार गोलाकार आखलेले आहे. मध्ये ऑल्ड्रिच पार्क नावाचे झाडांचे विस्तीर्ण उद्यान, त्याभोवती फिरणारा रस्ता आणि रस्त्याला लागून वेगवेगळे विभाग. परिषदेच्या दिवशी सकाळी आमचे विद्यार्थी गाड्यांतून उतरले तेव्हा बराच वेळ कोणी बोललेच नाही. त्यांच्यातले काही जण अवघ्या चाळीस-पन्नास मैलांवर राहणारे, पण विद्यापीठाच्या आवारात आयुष्यात प्रथमच पाऊल ठेवत होते. नकाशा हातात घेऊन खोली शोधणे, नावाची चिठ्ठी गळ्यात अडकवणे, दुसऱ्या कॉलेजच्या अनोळखी मुलाला ‘तुझं सत्र किती वाजता?’ असे विचारणे, या बारीकसारीक गोष्टींनी त्यांच्या खांद्यांचा ताण हळूहळू उतरताना मी पाहिला. ट्रान्सफरची माहितीपत्रके आम्ही वर्षभर वाटतो. त्या सगळ्या पत्रकांनी जे होत नाही ते या आवारात एक तास हिंडल्याने होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिचे सत्र दुपारी होते. खोलीत तीसेक माणसे असतील. ती बोलली, कागदाशिवाय, पहिले वाक्य मुलाच्या बाकाचे. धातूच्या बाकांचा आलेख आला तसा तिसऱ्या रांगेतला एक माणूस पुढे झुकला. प्रश्नोत्तरे सुरू होताच त्याने हात वर केला. तो दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी होता, वय पस्तिशीच्या आसपास, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि बोटांच्या पेरांवर धुऊनही न गेलेला काळा रंग. त्याने विचारले, ‘‘ती अॅल्युमिनियमची बाकं रंगवलेली होती की उघडी?’’ ती म्हणाली, उघडी. तो म्हणाला, ‘‘मी एसी दुरुस्तीचं काम करतो. हाच थर्मामीटर रोज वापरतो. चकचकीत तांब्याच्या नळीवर तो धरला तर आकडा खोटा येतो. आम्ही नळीवर काळ्या टेपचा तुकडा लावतो आणि टेपवर मोजतो. तुम्ही तसं काही केलं होतं का?’’

खोलीत शांतता पसरली. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण त्याचा प्रश्न पूर्ण होण्याआधीच मला सगळे समजले होते. इन्फ्रारेड थर्मामीटर वस्तूला स्पर्श करत नाही. वस्तू जी उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकते ती तो टिपतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब करतो. सिमेंट, रंग, प्लास्टिक, माणसाची त्वचा हे सारे आपल्या तापमानाला शोभेल इतके किरण सोडतात, आणि साधी यंत्रे तेच गृहीत धरून बनवलेली असतात. उघडा, चकाकणारा धातू मात्र फार थोडे किरण सोडतो आणि आरशासारखे वरच्या आकाशाचे किरण परतवतो. म्हणून तो भाजण्याइतका तापलेला असला तरी यंत्राला थंड दिसतो. तिचा हात बरोबर होता. आम्ही दोघींनी यंत्राचे ऐकले होते.

मी जागेवरून उठणार होते. मार्गदर्शक म्हणून जबाबदारी माझी, उत्तर मी द्यावे, असे मला वाटले. पण तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. ती त्या माणसाकडे पाहत म्हणाली, ‘‘नाही. मला हे माहीत नव्हतं.’’ मग थोडे थांबून, जणू स्वतःशी हिशेब करत, ती पुढे बोलली, ‘‘म्हणजे माझे धातूच्या बाकांचे सगळे आकडे खरे असायला हवेत त्याहून कमी आहेत. सावलीचा निष्कर्ष सिमेंटच्या बाकांवर टिकेल, जाळीच्या बाकांवर प्लास्टिक आहे म्हणून तिथेही टिकेल, पण धातूचा आलेख मला काढून टाकावा लागेल.’’ आणि मग तिने त्याला उलट विचारले, ‘‘टेप किती वेळ लावून ठेवता?’’

शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण मोजकेच येतात. माझ्या दोलकाच्या 9.3 ला जे मिळाले नव्हते ते इथे घडत होते: तिने चूक खोडली नाही, सर्वांसमोर तिच्या हद्दी आखल्या, इथपर्यंत चुकले आणि इथून पुढचे शाबूत. आणि ती चूक दाखवणारा कोणी प्राध्यापक नव्हता. त्याने हे गच्चीवर, एसीच्या नळ्यांजवळ गुडघ्यांवर बसून शिकलेले होते, आणि आज त्याला एका खोलीत ते बोलायची जागा मिळाली होती. माझ्या वडिलांच्या शेतापासून अकराच्या तासापर्यंतची ती पाऊलवाट मला त्या दुपारी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली.

सत्र संपल्यावर दोघे बाहेरच्या कट्ट्यावर बसले. त्याने पिशवीतून अर्धी संपलेली इन्सुलेशन टेप काढली आणि तिला देऊन टाकली. तुकडा यंत्राच्या ठिपक्यापेक्षा मोठा कापायचा, बुडबुडा न राहता दाबून बसवायचा, टेप धातूइतकी तापेपर्यंत काही मिनिटे थांबायचे, यंत्र जवळ धरायचे. ती वहीत लिहून घेत होती. तो स्वतः गच्च्यांना पांढरा रंग दिल्याने एसीवरचा भार किती कमी होतो यावर बोलणार होता आणि त्याला आलेख नीट जमले नव्हते. तिने त्याला ते दाखवले. मी थोड्या अंतरावर उभी राहून ऐकत होते आणि मध्ये बोलले नाही.

माझी भाची दरवर्षी मला तिच्या महाविद्यालयातल्या ‘आविष्कार’ची बातमी कळवते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा 2006 मध्ये सुरू झाली. मानव्यविद्या, वाणिज्य, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी आणि वैद्यकशास्त्र अशा सहा विभागांत मुले आपले काम मांडतात आणि फेऱ्या पार करत राज्यपातळीपर्यंत जातात. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत पोस्टरपुढे ताठ उभी राहिलेली मुले पाहून मला भरून येते. तिला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते: तुझ्या पोस्टरपाशी थांबून कोणी असा प्रश्न विचारला का, ज्याचे उत्तर तुझ्याकडे नव्हते? परीक्षक विचारतात तो नव्हे, कारण त्या प्रश्नामागे गुण असतात. शेजारच्या पोस्टरवाल्या मुलाने विचारलेला. जिथे बक्षिसे असतात तिथे शेजारी हा प्रतिस्पर्धी होतो आणि असा प्रश्न विचारणे त्याला उद्धटपणाचे वाटू शकते, म्हणून आयोजकांनी आणि शिक्षकांनी या प्रश्नांसाठी मुद्दाम वेळ राखावा असे मला मनापासून वाटते. वेळापत्रक कोलमडले की सर्वात आधी प्रश्नोत्तरांना कात्री लागते, हे मी दोन्ही देशांत पाहिले आहे. आता मी सत्रसंचालक असते तेव्हा बोलणाऱ्याला वेळेवर थांबवते, प्रसंगी कठोर होऊन थांबवते, पण प्रश्नांची मिनिटे कमी होऊ देत नाही.

गोषवारे मी अजूनही वाचते, आता दर हिवाळ्यात. प्रत्येक विद्यार्थ्याला माझे ठरलेले प्रश्न असतात: तू कुठे उभा होतास, हातात काय होते, आणि तुझ्या कामाच्या ठिकाणी हे यंत्र किंवा ही पद्धत कोण वापरते? तिसऱ्या प्रश्नाने अनेक जण चकित होतात. मग कोणाला आपला काका आठवतो, कोणाला गोदामातला पर्यवेक्षक, कोणाला स्वतःचीच पूर्वीची नोकरी.

मे महिन्यात, कॉलेजचे सत्र संपता संपता, एका तापलेल्या दुपारी तिने धातूची सगळी बाके पुन्हा मोजली. मीही गेले होते. तिने चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला, बाकावर अंगठ्याने दाबून बसवला, आणि आम्ही दोघी छत नसलेल्या त्या थांब्यावर उभ्या राहून मिनिटे मोजत राहिलो. मग तिने आधी उघड्या धातूवर यंत्र धरले आणि नंतर दोन बोटे सरकवून काळ्या तुकड्यावर. पडद्यावरचा आकडा उडी मारून वर गेला. ती काही बोलली नाही. तिने तळहात बाकावर टेकवला, चटकन उचलला आणि वहीत दोन्ही आकडे लिहिले.

सुधारलेला अहवाल तिने मला त्याच आठवड्यात दाखवला. कोष्टकात जुना रकाना तसाच ठेवला होता, वर ‘उघडा धातू’ असे लिहून, आणि शेजारी नवा, ‘टेपवर’. शेवटी आभार होते. आईचे, माझे, आणि त्या माणसाचे. त्याच्या नावापुढे जागा मोकळी होती. तिने विचारले, ‘‘प्रोफेसर, इथे हुद्दा लिहितात ना? याचा काय लिहू?’’ मी म्हटले, तूच ठरव. तिने थोडा विचार केला, मग ‘विद्यार्थी’ असे लिहिले, स्वल्पविराम दिला, आणि पुढे लिहिले, ‘एसी दुरुस्ती’.